गॅसवर स्वतःची वीज, वाफ आणि गारवा: खान्देशातल्या कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले कारखाने, शीतगृहे, दवाखाने आणि मोठी हॉटेले डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. हिशोबात धरलेले दर उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी तुमच्या बिलातले आकडे टाका, पद्धत तीच राहते.

नैसर्गिक वायूवरची विकेंद्रित ऊर्जा यंत्रणा म्हणजे नेमके काय?

तुमच्याच आवारात बसवलेले गॅस इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर आणि इंजिनाची वाया जाणारी उष्णता पकडून कामाला लावणारी उपकरणे. यातली तिसरी गोष्ट नसेल, तर तो नुसता गॅसवर चालणारा जनसेट आहे. त्याचे अर्थकारण सर्वस्वी वेगळे, आणि बहुतेक वेळा तोट्याचे.

भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रात जळणाऱ्या कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता कूलिंग टॉवर आणि चिमणीवाटे निघून जाते. तिथे ती वापरायला जवळपास कोणी नाही. तुमच्या आवारात मात्र रंगाईचे टाके, दूध तापवण्याचे यंत्र किंवा ड्रायर पन्नास मीटरवर असतो. साधारण ५०० किलोवॉटच्या इंजिनात गॅसमधल्या १०० भाग ऊर्जेपैकी सुमारे ३८ भाग वीज होते आणि नीट पकडले तर ४० ते ४२ भाग उष्णता हाती लागते. या उष्णतेचा ढोबळपणे अर्धा भाग जॅकेटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती फिरणाऱ्या, पाण्यातून ८५ ते ९० अंश सेल्सिअसला मिळतो. उरलेला ४०० ते ५०० अंशांच्या धुरातून मिळतो. हे दोन वाटे वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. जॅकेटच्या पाण्यापासून कारखान्याच्या दाबाची वाफ होत नाही, ती फक्त धुरातून होते. ५०० किलोवॉटच्या इंजिनाच्या धुरावर तासाला साधारण ३५० ते ४२० किलो वाफ निघते. दोन टनांचा बॉयलर बंद करता येईल असे कोणी सांगत असेल, तर त्याला हा आकडा दाखवा.

खान्देशात गॅस मिळतो का?

मिळतो, पण कोणत्या रूपात मिळतो त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

पहिला मार्ग नळाचा. शहर गॅस वितरणासाठी देशाची विभागणी भौगोलिक क्षेत्रांत केलेली आहे आणि प्रत्येक क्षेत्राला पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने एक अधिकृत कंपनी नेमलेली असते. धुळे जिल्हा नाशिकच्या जोडीने एकाच क्षेत्रात येतो. तुमच्या जिल्ह्याची कंपनी कोणती, हे मंडळाच्या संकेतस्थळावर दिसते. पण क्षेत्र अधिकृत असणे वेगळे आणि तुमच्या प्लॉटच्या गेटपाशी व्हॉल्व्ह असणे वेगळे. कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सर्वांत जवळची चालू लाइन किती अंतरावर आहे, तुमच्या जोडणीवर किती दाब मिळेल आणि तासाला किती घनमीटर मिळतील. टर्बोचार्ज्ड इंजिनाला गॅस ट्रेनच्या (इंजिनाआधीचे फिल्टर, रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह) तोंडाशी साधारण १०० ते ३०० मिलिबार स्थिर दाब लागतो. घरगुती जोडणीचा २१ मिलिबार त्याला पुरत नाही.

दुसरा मार्ग सीएनजीच्या कॅस्केडचा, म्हणजे गाडीवरून येणाऱ्या सिलिंडरांच्या संचाचा. हिशोब करून पाहा. ५०० किलोवॉटचे इंजिन ४५० किलोवॉटवर चालले तर तासाला सुमारे १२२ घनमीटर गॅस खाते. एका कॅस्केडमध्ये ५०० किलो, म्हणजे सुमारे ६७५ घनमीटर येतात. साडेपाच तासांत कॅस्केड संपला. दिवसाला चार-पाच गाड्या फिरवायच्या, त्यांची वाट पाहायची, उतरवायच्या. चाचणीसाठी किंवा लाइन येईपर्यंतचे काही आठवडे हे ठीक आहे, कायमची सोय म्हणून नाही.

तिसरा मार्ग एलएनजी, म्हणजे उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला वायू. इथे खान्देशाचे भूगोलाने भले केले आहे. हजिरा आणि दहेज ही दोन्ही टर्मिनले गुजरातच्या किनाऱ्यावर आहेत आणि सुरत-धुळे-जळगाव हा महामार्ग सरळ आपल्या दारातून जातो. सुरतेहून धुळे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, जळगाव सुमारे तीनशे. वर सांगितलेल्या इंजिनाला दिवसाला साधारण २.२ टन एलएनजी लागतो, म्हणजे १७ टनांचा टँकर जवळपास आठ दिवस पुरतो.

एलएनजीची टाकी बसवली तर काय बिघडते?

टाकी टँकरपेक्षा मोठी हवी. ६० घनमीटरची टाकी ९० टक्के भरली तर सुमारे २३ टन मावतो. म्हणजे ६ टन शिल्लक असतानाच पुढचा टँकर बोलावता येतो आणि हाताशी पावणेतीन दिवसांचा साठा राहतो. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तर हाच साठा उपयोगी पडतो.

कितीही चांगली निर्वात टाकी असली तरी रोज ०.१ ते ०.२ टक्के द्रवाची वाफ होते. इंजिन चालू असताना ती इंजिनच खाते. दिवाळीत कारखाना बरेच दिवस बंद ठेवला की मात्र दाब चढत जातो, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला तर पैसे देऊन घेतलेला गॅस हवेत जातो. दुसरा तोटा लगेच दिसत नाही. आधी मिथेन उडतो, जड घटक मागे राहतात आणि उरलेल्या गॅसचा मिथेन अंक, म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमध्ये गॅस अवेळी पेटून ठोके बसणे) टाळण्याची क्षमता, घसरतो. सुट्टीनंतर इंजिन सुरू केल्यावर नॉकिंगचा अलार्म येऊ शकतो किंवा कंट्रोलर आपणहून भार कमी करू शकतो. म्हणून मोठ्या सुट्टीच्या आधी टाकी खाली येऊ द्या आणि सुट्टी संपल्यावर नवा टँकर घेऊनच पूर्ण भार टाका.

एलएनजीचा पुन्हा वायू करणारे पातळ पंख लावलेल्या नळ्यांचे व्हेपोरायझर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने त्यांच्यावर जाड बर्फ चढतो. दोन संच हवेतच: एक चालू, एक वितळत. एकच बसवून पैसे वाचवले, तर बरोबर पावसाळ्यात गार गॅस रेग्युलेटरपर्यंत येतो आणि रबरी डायफ्राम कडक होऊन फुटतो.

ही वीज महावितरणपेक्षा स्वस्त पडते का?

नुसती वीज घेतली तर नाही. सगळी उष्णता वापरली, आणि तीही महागड्या इंधनाच्या जागी वापरली, तर पडू शकते.

हिशोब असा. एका घनमीटर गॅसमध्ये निव्वळ सुमारे ८,५०० किलोकॅलरी, म्हणजे ९.९ युनिट ऊर्जा असते. ३८ टक्के कार्यक्षमतेने त्यातून ३.७ युनिट वीज निघते. करासह गॅस ५० रुपये घनमीटर धरला तर युनिटमागे इंधनाचेच १३ रुपये ५० पैसे झाले. देखभाल, तेल, प्लग मिळून १ रुपया २० पैसे धरा. एकूण १४ रुपये ७० पैसे. महावितरणचा उच्चदाब औद्योगिक दर सगळे आकार धरून साडेनऊ रुपये मानला, तर इथे सरळ पाच रुपयांचा तोटा आहे.

आता उष्णता. प्रत्येक युनिट विजेमागे सुमारे १.१ युनिट उष्णता हाती येते. तुमचा बॉयलर आज याच गॅसवर ८५ टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर तेवढ्या उष्णतेसाठी ०.१३१ घनमीटर गॅस जळला असता, म्हणजे ६ रुपये ५५ पैसे वाचले. निव्वळ खर्च ८ रुपये १५ पैसे. युनिटमागे १ रुपया ३५ पैसे शिल्लक. ४५० किलोवॉट सरासरी भार आणि वर्षाला ७,००० तास धरले तर साडेएकतीस लाख युनिट आणि सुमारे साडेबेचाळीस लाख रुपये. उष्णता पकडणाऱ्या उपकरणांसह यंत्रणेचा खर्च सव्वातीन कोटी धरला तर साधी परतफेड साडेसात वर्षांवर जाते. बँकेला हे आवडणार नाही, आणि तिचे बरोबर आहे.

गॅस ४० रुपयांना मिळाला तर शिल्लक युनिटमागे २ रुपये ७० पैशांच्या वर जाते आणि परतफेड चार वर्षांच्या आत येते. ६० रुपये झाला की शिल्लक शून्य. गॅस ५० वरच राहिला पण उष्णतेतली फक्त साठ टक्के वापरात आली, तर खर्च पावणेअकरा रुपयांवर जातो, म्हणजे पुन्हा तोटा. प्रकल्प उष्णतेवर उभा राहतो किंवा पडतो, असे आम्ही प्रत्येक मालकाला बजावतो ते याचसाठी. विजेचे बिल घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी बॉयलरची नोंदवही मागतो.

आमचा बॉयलर पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर चालतो. मग?

मग बहुधा हा प्रकल्प करू नका. ७ रुपये किलोचे, ३,८०० किलोकॅलरीचे ब्रिकेट ७० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये जळत असेल, तर इंजिनाच्या १.१ युनिट उष्णतेने तुमचे जेमतेम अडीच रुपये वाचतात. विजेचा निव्वळ खर्च बारा रुपयांवर जातो. कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाटी आहे, बाजार आहे, राख आणि धुराची कटकट असली तरी उष्णता स्वस्त आहे. गॅसला तिथे स्पर्धा करता येत नाही. ज्यांचा बॉयलर डिझेल, एलपीजी, फर्नेस ऑइल किंवा गॅसवर आहे, त्यांनीच पुढचे वाचावे.

एक अपवाद आहे. जे वर्षातले बरेच तास डिझेल जनरेटरवर काढतात, त्यांना लिटरमागे साडेतीन युनिट मिळतात. ९० रुपये लिटरने ती वीज पंचवीस रुपयांच्या वर पडते. तेवढ्या तासांपुरता गॅस नक्कीच स्वस्त. पण असे तास वर्षाला दोनशे-तीनशेच असतील, तर त्यासाठी सव्वातीन कोटी गुंतवायचे कारण नाही.

आपल्याकडच्या कोणत्या धंद्यांना हे जमते?

वर्षभर, रात्रंदिवस, वीज आणि उष्णता दोन्ही एकाच वेळी लागणाऱ्यांना. शिरपूर परिसरातल्यासारखी कापडाची रंगाई-धुलाई करणारी युनिटे यात पहिली, कारण त्यांना ६० ते ९० अंशांचे गरम पाणी सतत लागते आणि जॅकेटचे पाणी नेमके तेच देते. स्टार्च आणि ग्लुकोजचे कारखाने, मोठ्या दूध डेअऱ्या, तेल शुद्धीकरण हेही बसतात. दोनशे खाटांच्या वरचे दवाखाने विचार करू शकतात, पण त्यांचा उष्णतेचा भार आधी मोजायला हवा.

जिनिंगला जमत नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे वर्षाला फार तर अडीच-तीन हजार तास, आणि उष्णतेची गरज जवळपास नाही. साखर कारखान्यांकडे बगॅस (उसाचे चिपाड) आहे, त्यांचा प्रश्नच नाही.

जळगावच्या डाळ मिलचा मुख्य भार मोटारींचा असतो. ओली केलेली डाळ उन्हात वाळवता तोवर गॅसची उष्णता नको असते. यांत्रिक ड्रायर वर्षभर चालत असेल, तर जॅकेटच्या पाण्यावर ६५-७० अंशांची गरम हवा सहज करता येते. मात्र बहुतेक मिल एकाच पाळीत चालतात आणि तिथेच तास कमी पडतात.

चटई आणि प्लॅस्टिकवाल्यांचा प्रश्न वेगळा. एक्स्ट्रूडर चोवीस तास चालतो, विजेचा भार सपाट असतो, हे सगळे छान. पण त्यांना उष्णता नको, गारवा हवा. उष्णतेचा गारवा करता येतो, पण त्याची किंमत पुढे पाहा.

उष्णतेवर चालणारे चिलर बसवले तर?

लिथियम ब्रोमाइडचे शोषण चिलर, म्हणजे व्हॅम, गरम पाण्यावर किंवा धुरावर चालते आणि ७ अंशांचे थंड पाणी देते. एकेरी टप्प्याचे यंत्र एक युनिट उष्णतेतून ०.७ युनिट गारवा देते, धुरावरचे दुहेरी टप्प्याचे १.३ च्या आसपास. ५०० किलोवॉटच्या इंजिनावर ११० ते १५५ टनांचा गारवा मिळतो.

ऐकायला भरपूर वाटते. पण एवढाच गारवा चांगले विजेचे चिलर एक युनिट विजेत साडेचार युनिट या हिशोबाने देते. त्यामुळे इंजिनाच्या एका युनिटमागे प्रत्यक्ष बचत दीड ते अडीच रुपयेच होते. गॅस बॉयलरच्या जागी उष्णता वापरली तर साडेसहा रुपये वाचत होते, हे आठवा. म्हणून क्रम असा: आधी गरम पाणी आणि वाफ, उरलेल्या उष्णतेवर चिलर. फक्त चिलरसाठी इंजिन घेऊ नका.

पाण्याचाही विचार करा. एकेरी टप्प्याच्या ११० टनी यंत्राचा कूलिंग टॉवर पूर्ण भारावर तासाला सुमारे १,४०० लिटर पाणी उडवतो. ब्लोडाउन (क्षार साठू नयेत म्हणून सोडून दिलेले पाणी) धरून दिवसाला चाळीस हजार लिटरच्या घरात. मे महिन्यात टँकरने पाणी घेणाऱ्याने हा खर्च हिशोबात धरलाच पाहिजे. बोअरचे पाणी जड असते. सॉफ्टनर न लावता ते टॉवरमध्ये सोडले तर एका हंगामात कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतो आणि ११० टनांचे यंत्र ७० टनांवर येते. मालकाला वाटते इंजिन कमी उष्णता देते आहे, प्रत्यक्षात नळ्या चोंदलेल्या असतात.

खान्देशाच्या कोरड्या उन्हाळ्यात टॉवर अपेक्षेपेक्षा चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. त्रास दोन वेळा होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे पाणी पुरेसे थंड होत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरला की टॉवरचे पाणी गरजेपेक्षा थंड होऊन ब्रोमाइडचे द्रावण यंत्रातच गोठून स्फटिक होते. टॉवरच्या लाइनवर तीन-मार्गी बायपास व्हॉल्व्ह ठेवून पाणी २२-२४ अंशांखाली जाऊ देऊ नका. द्रावणाचा पंप यूपीएसवर किंवा बॅकअप फीडरवर ठेवा. लाइट अचानक गेली आणि पंप थांबला, तर द्रावण पातळ करण्याचा टप्पा पूर्ण होत नाही आणि सकाळी यंत्र दगडासारखे अडलेले मिळते. ते सोडवायला कधी कधी दोन दिवस बाहेरून उष्णता द्यावी लागते.

केळीच्या शीतगृहाला आणि रायपनिंग चेंबरला हे चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या फार चांगले जमते. हिरवी केळी १३ ते १४ अंशांवर ठेवायची असतात. त्याखाली गेली की थंडीची इजा होते, साल राखाडी-तपकिरी पडते आणि फळ नीट पिकत नाही. पिकवताना खोली १६ ते १८ अंशांवर, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, इथिलीन सुमारे १०० भाग प्रति दशलक्ष साधारण चोवीस तास. कुठेही शून्याखाली जायचे नाही. म्हणजे ७ अंशांचे पाणी देणारे साधे ब्रोमाइड यंत्र पुरते, अमोनियाची गरज नाही. शिवाय थंड पाण्याच्या कॉइलचे तापमान खोलीच्या जवळ ठेवता येत असल्याने हवा कमी कोरडी होते आणि घडांचे वजन टिकते.

अडचण आकाराची आहे. सावदा, रावेर, यावल भागातल्या एकट्या पॅकहाउसचा भार अशा इंजिनाच्या मानाने फार लहान. एवढ्यासाठी इंजिन, गॅस ट्रेन, व्हॅम आणि सिंक्रोनायझिंग पॅनेल परवडत नाही. दहा-पंधरा चेंबर, शीतगृह आणि प्रक्रिया उद्योग एका आवारात असतील आणि शंभर टनांचा सततचा भार दिसत असेल तर बोला. पल्प गोठवायचा असेल, उणे १८ अंश हवे असतील, तर त्या भागासाठी विजेचाच कॉम्प्रेसर ठेवा.

एक सूचना मात्र कोणी विसरू नये. इंजिनाच्या धुरात इथिलीन असते. चिमणी हिरव्या केळीच्या खोलीच्या ताज्या हवेच्या झरोक्यावर वारा येतो त्या बाजूला असली, तर निर्यातीसाठी ठेवलेला माल खोलीतच पिवळा पडू लागतो. चिमणी वारा जातो त्या बाजूला आणि छताच्या बऱ्याच वर न्या, धुराच्या फ्लँजच्या गळत्या दर महिन्याला तपासा.

इंजिन किती किलोवॉटचे घ्यावे?

कमाल मागणीवरून ठरवू नका. महावितरणच्या मीटरची बारा महिन्यांची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद मागवा, तिच्यासमोर बॉयलरचे तासागणिक इंधन मांडा. वर्षातले ६,५०० ते ७,००० तास जो उष्णतेचा भार हमखास असतो, तो शोधा. किलोवॉटमधल्या त्या भाराला १.१ ने भागले की इंजिनाचा आकार मिळतो. तो रात्रीच्या किमान वीजभारापेक्षा मोठा निघाला तर वीजभाराला धरा. जास्तीची वीज ग्रिडला देऊन पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. नेट मीटरिंग नवीकरणीय ऊर्जेसाठी आहे, गॅससाठी नाही.

५० टक्क्यांखाली इंजिन सतत चालवले तर कार्यक्षमता पडते, प्लग काजळतात, तेल लवकर खराब होते. एका मोठ्या इंजिनापेक्षा दोन लहान बरी, पण दोनशे किलोवॉटखाली प्रति किलोवॉट खर्च झपाट्याने वाढतो.

मे महिन्याच्या ४५ अंशांत इंजिन पूर्ण भार घेते का?

रेडिएटर ५० अंश सभोवतालासाठी निवडला असेल तरच. कॅटलॉगमधला आकडा सहसा २५ अंशांवरचा असतो. ४० च्या वर हवा विरळ होते, इंटरकूलरचे थंड पाणी पुरेसे थंड राहत नाही, नॉकिंग सुरू होते आणि कंट्रोलर भार उतरवतो. कंत्राटात ‘४५ अंश सभोवतालाला निव्वळ इतके किलोवॉट’ असे लिहून घ्या. निव्वळ म्हणजे पंखे, पंप वजा करून. इंजिनरूमचा वायुवीजन पंखा रेडिएटरची गरम हवा परत ओढत नाही ना, हे आराखड्यावरच पाहा. जिनिंगच्या शेजारी असाल तर सरकीचे तंतू रेडिएटरच्या पंखांत गच्च बसतात. हंगामात दर आठवड्याला उलट्या बाजूने हवा मारा.

लाइट गेली तर कारखाना चालू राहील?

तसा आराखडा असेल तर राहील. ग्रिडशी समांतर चालताना सिंक्रो-चेक, रिव्हर्स पॉवर, आणि ग्रिड गेल्याचे ओळखणारे वारंवारता-बदलाचे रिले लागतात. लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या इंजिनाची वीज फीडरवर जाता कामा नये, हा यातला पहिला हेतू. हे रिले फार नाजूक बसवले तर पहिल्या वळवाच्या पावसात फीडरवर प्रत्येक झटक्याला इंजिन सुटते. पहिल्या दोन महिन्यांच्या ट्रिपच्या नोंदी पाहून महावितरणच्या संमतीने सेटिंग ठीक करावी लागते.

स्वतंत्र चालताना दोन गोष्टी नडतात. गॅस इंजिन डिझेलसारखा धक्का सोसत नाही. एका वेळी क्षमतेच्या १० ते २० टक्केच भार टाकता येतो. ७५ किलोवॉटची मोटार थेट स्टार्टरवर सुरू केली तर वारंवारता कोसळून सगळे बंद पडते. मोठ्या मोटारींना व्हीएफडी (वारंवारता बदलून वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) किंवा सॉफ्ट स्टार्टर लावा आणि भार टप्प्याटप्प्याने घेणारी यादी पॅनेलमध्ये भरा. दुसरे न्यूट्रलचे अर्थिंग. वेगळे झाल्याक्षणी जनरेटरचा न्यूट्रल कॉन्टॅक्टर बंद होऊन अर्थ मिळाला पाहिजे. तो अडकला तर फेजचा व्होल्टेज तरंगतो आणि ड्राइव्ह, संगणक जळतात.

कोणत्या परवानग्या लागतात?

समांतर जोडणीला महावितरणची मंजुरी. तिच्यामागे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विकेंद्रित निर्मितीच्या जोडणीचे २०१३ चे तांत्रिक नियम आहेत. संच सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची तपासणी. एलएनजी टाकीला पेसोची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) परवानगी, तिचे मुख्यालय नागपूरला. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. ८०० किलोवॉटपर्यंतच्या जनसेटला १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी-४ प्लस, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची धुराची मानके लागू आहेत, त्यामुळे जुना आयात संच स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. धुरावर वाफ करणार असाल तर बाष्पके संचालनालय, फक्त गरम पाणी करणार असाल तर बहुधा ती वाट टळते. गॅससाठीचा अर्ज सर्वांत आधी टाका. इंजिन येऊन धूळ खात पडते आणि गॅस येत नाही, असे घडू देऊ नका.

कराचा भाग काय आहे?

नैसर्गिक वायू जीएसटीत नाही. महाराष्ट्राने त्यावरचा व्हॅट १ एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. पण जीएसटीत असलेल्या तुमच्या मालावर या व्हॅटची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरा. फर्नेस ऑइल किंवा एलपीजीवर मिळणारे इनपुट क्रेडिट मात्र हातचे जाते. तुलना करताना जुन्या इंधनाचा दर जीएसटी वगळून घ्या, नाहीतर बचत फुगलेली दिसते. स्वतःच्या विजेवरचे विद्युत शुल्क आणि महावितरणचा स्टँडबाय मागणीचा आकारही तपासा. मागणी आकार आपोआप शून्य होत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास इंजिन बंद पडले तरी त्या महिन्याची कमाल मागणी नोंदली जाते.

दुसऱ्या कंपनीने स्वखर्चाने बसवून आम्हाला वीज विकली तर?

वीज विकणे म्हणजे परवान्याचा आणि क्रॉस सबसिडीचा (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी उद्योगांवर लागणारा अधिभार) प्रश्न येतो. स्वनिर्मितीचा दर्जा हवा असेल तर वापरणाऱ्याची किमान २६ टक्के मालकी आणि किमान ५१ टक्के वापर ही अट २००५ च्या विद्युत नियमांत आहे. दर वर्षी ती तपासली जाते. यंत्रे भाड्याने घेऊन स्वतः चालवणे हा अनेकदा सोपा मार्ग ठरतो.

छतावर सोलर आहे. तरी गॅस घ्यावा का?

दुपारी सोलरच्या युनिटशी गॅसची स्पर्धा होऊच शकत नाही. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला तो इथल्या उन्हाच्या जोरावर. पण सोलर दुपारी भार खातो, तसे इंजिनाचे तास घटतात आणि परतफेड लांबते. दिवसा-रात्रीच्या दरांतला फरकही पाहा. दुपारी सूट आणि संध्याकाळी अधिभार असेल तर इंजिन संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालवा आणि दिवसाची उष्णतेची गरज गरम पाण्याच्या टाकीत साठवा. २० घनमीटरची टाकी ९० वरून ६० अंशांपर्यंत वापरली तर सुमारे ७०० युनिट उष्णता धरते.

गॅसच्या करारात काय पाहावे?

देशांतर्गत स्वस्त गॅसवर घरगुती पीएनजी आणि वाहनांच्या सीएनजीचा पहिला हक्क आहे. उद्योगाला मिळतो तो बहुतांशी आयात एलएनजी. त्याचा भाव कच्चे तेल, अमेरिकेतला हेन्री हब हा गॅसचा भाव किंवा आशियाई स्पॉट बाजार यांतल्या कशाला तरी बांधलेला असतो. २०२० च्या मे-जूनमध्ये स्पॉट भाव तळाला होते, २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर ते अनेक पटींनी चढले. बांधणी कशाला आहे ते विचारा आणि मागच्या पाच वर्षांच्या भावांवर तुमचा हिशोब फिरवून पाहा. ‘घ्या किंवा पैसे भरा’ या अटीतली किमान टक्केवारी तुमच्या सुट्ट्या आणि देखभालीचे दिवस वगळून ठरवून घ्या. बिल घनमीटरवर की उष्मांकावर, आणि उष्मांक ढोबळ की निव्वळ, हेही पाहा. ढोबळ आणि निव्वळ यांत सुमारे दहा टक्के फरक असतो. इंजिनाची कार्यक्षमता निव्वळवर सांगतात, गॅस अनेकदा ढोबळवर विकतात. प्रकल्प अहवालांत सर्वाधिक चुका इथेच सापडतात.

गळतीची भीती किती?

मिथेन हवेपेक्षा हलका असतो. म्हणून डिटेक्टर छताजवळ लावा, एलपीजीसारखे जमिनीजवळ नाही, आणि छताला उघडा झरोका ठेवा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की तो पेट घेतो. खालच्या मर्यादेच्या २० टक्क्यांवर भोंगा, ४० टक्क्यांवर इमारतीबाहेरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद, अशी रचना ठेवा. टाकीतल्या एलएनजीला वास नसतो, वास पुढे मिसळला जातो. सांडलेल्या द्रवाची गार वाफ सुरुवातीला जमिनीलगत पसरते, त्यामुळे टाकीजवळ गटार किंवा तळघर नको.

देखभाल इथे मिळते का?

करार करताना विचारायचा प्रश्न हाच: जवळचा प्रशिक्षित माणूस किती तासांत येईल आणि कोणते सुटे भाग तुमच्या आवारात राहतील. तेल साधारण १,००० ते २,००० तासांनी, प्लग १,५०० ते २,५०० तासांनी, हेडचे काम २०,००० ते ३०,००० तासांनी, पूर्ण ओव्हरहॉल ५०,००० ते ६०,००० तासांनी, निर्मात्याप्रमाणे कमीअधिक. ओव्हरहॉलची रक्कम पहिल्या वर्षापासून युनिटमागे बाजूला टाका. डिझेल इंजिनाचे तेल वापरू नका. त्यातली राख व्हॉल्व्हवर बसते. एक संच प्लग, इग्निशन कॉइल, गॅस फिल्टर, एक रेग्युलेटर डायफ्राम आणि तेलाचे दोन बॅरल कायम जवळ ठेवा.

यंत्रणा ताब्यात घेताना कोणती चाचणी घ्यावी?

सलग ७२ तास, तुमच्या खऱ्या भारावर, शक्यतो एप्रिल-मेमध्ये. चार मीटर एकाच वेळी वाचा: तापमान-दाबाची दुरुस्ती करणारा गॅस मीटर, निव्वळ विजेचा मीटर, जॅकेट पाण्याचा उष्णता मीटर आणि वाफेचा किंवा धुरावरच्या पाण्याचा उष्णता मीटर. उष्णता मीटर नसेल तर तो आधी बसवून घ्या. तो नसल्यास पुरवठादार रेडिएटरमधून हवेत सोडलेली उष्णताही वापरलेली म्हणून मोजतो. चाचणीच्या मध्ये मुख्य ब्रेकर उघडून इंजिन एकटे भार धरते का ते पाहा, सर्वांत मोठी मोटार सुरू करून पाहा, मग पुन्हा सिंक्रोनाइझ करा. घनमीटरमागे युनिट आणि युनिटमागे उष्णता या दोन आकड्यांवर शेवटचे दहा टक्के पैसे अडकवून ठेवा.